फोर्टमध्ये खायला निघताना : वेळ, वार आणि वाट

नोकरीसाठी, उच्च न्यायालयातल्या कामासाठी, मुलाखतीसाठी किंवा नुसते वस्तुसंग्रहालय पाहायला म्हणून दक्षिण मुंबईत पहिल्यांदा उतरलेला माणूस खाण्याच्या बाबतीत हमखास चुकतो, आणि त्या चुका कोणत्या हे मी नेमके सांगू शकतो, कारण त्यांतल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत. चौदा वर्षांपूर्वी संगमनेरहून येऊन मी फोर्टमधल्या एका कचेरीत रुजू झालो. पहिल्याच महिन्यात आई मुंबई पाहायला आली. जुन्या इराणी कॅफेंबद्दल मी बरेच ऐकले होते, दोन-तीन पत्ते वहीत लिहून ठेवले होते, आणि रविवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास मी तिला मोठ्या उत्साहाने घेऊन निघालो. पहिल्या ठिकाणी शटर खाली होते. दुसऱ्या ठिकाणी दार उघडे होते, पण खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवून फरशी पुसण्याचे काम चालले होते. अखेर बसस्टॉपवर बसून आम्ही तिने गावाहून बांधून आणलेल्या गुळाच्या पोळ्या खाल्ल्या.

पत्ते बरोबर होते. वार आणि वेळ चुकली होती. फोर्टमधली जुनी खाण्याची ठिकाणे कचेऱ्यांच्या घड्याळावर चालतात आणि एकाच ठिकाणी सकाळी जे उत्तम मिळते ते दुपारी मिळेलच असे नसते, ही एक गोष्ट तेव्हा कोणी सांगितली असती, तर पुढचे कित्येक महिने माझी फरफट झाली नसती. म्हणून पुढचे सगळे मी पत्त्यांच्या क्रमाने न लिहिता दिवसाच्या क्रमाने लिहितो आहे.

१. आधी हे जुने गाव पायाखालचे करून घ्या

मुंबई अवाढव्य आहे, पण फोर्ट हे तिच्या पोटातले एक लहानसे, जुने गाव आहे, आणि ते गाव म्हणूनच पाहिले तर सोपे जाते. इथे खरोखरीचा तट होता. अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट हे त्याचे तीन दरवाजे. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तो तट पाडण्यात आला, मात्र दरवाज्यांची नावे स्थानकाला आणि रस्त्यांना चिकटून राहिली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून (सीएसएमटी) काळ्या घोड्यापर्यंत रमतगमत चालत गेलात, तरी अर्धा तास पुरतो. टॅक्सीचा विचार सोडून द्या. गर्दीच्या वेळी टॅक्सी चालणाऱ्याच्या मागेच राहते.

खाण्याच्या दृष्टीने या गावाचे चार भाग ध्यानात ठेवावेत. वायव्येला, जुन्या तटाबाहेर, मेट्रो सिनेमाजवळ धोबी तलाव. तिथला तलाव कधीच बुजवला गेला आहे, तेव्हा पाणी शोधू नका. पूर्वेला गोदीच्या बाजूस बॅलार्ड इस्टेट, मध्यभागी हुतात्मा चौकापासून हॉर्निमन सर्कलपर्यंतचा कचेऱ्यांचा पट्टा, आणि दक्षिणेला काळा घोडा व त्यापुढे कुलाबा.

मध्य रेल्वेने येणाऱ्यांनी सीएसएमटीला आणि पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांनी चर्चगेटला उतरावे. धोबी तलावला जायचे असेल तर मरीन लाइन्स अधिक जवळ पडते. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ थेट कफ परेडपर्यंत धावते आणि तिचे हुतात्मा चौक स्थानक या सगळ्याच्या ऐन मध्यावर आहे. पावसाळ्यात आणखी एक सोय उपयोगी पडते. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्याला सलग कमानींचे सोपे आहेत, त्यामुळे सीएसएमटीकडून हुतात्मा चौकाकडे निघालेल्या माणसाला बरेच अंतर छत्री न उघडता चालता येते. फेरीवाले आणि पुस्तकवाले तिथेच बसतात, म्हणून चाल थोडी मंदावते, एवढेच.

२. सोबत काय असावे

कागदपत्रे काहीच लागत नाहीत. पुढील वस्तू मात्र जवळ ठेवाव्यात :

- दहा, वीस आणि पन्नासच्या सुट्या नोटा. मोबाइलवरून पैसे घेणे आता सर्रास झाले असले तरी काही जुन्या ठिकाणी गल्ल्यावर अजून रोखच चालते, आणि चाळीस-पन्नास रुपयांच्या बिलासाठी पाचशेची नोट पुढे केलेली कोणालाच आवडत नाही.
- कापडी पिशवी. महाराष्ट्रात जून २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, आणि बेकरीतून खारी किंवा पाव घेतलात तर ते दाबले न जाता घरी पोचले पाहिजेत.
- रुमाल, कारण मस्का, म्हणजे पावात भरलेले लोणी, बोटांवरून मनगटापर्यंत ओघळतो.
- मोबाइलमध्ये रेल्वेचे वेळापत्रक दाखवणारे एम-इंडिकेटर.
- ज्या ठिकाणी जायचे ठरवले असेल त्याचा फोन नंबर. निघण्यापूर्वी एक फोन करून आज उघडे आहे का आणि जेवण किती वाजेपर्यंत मिळते, एवढे विचारावे. आईबरोबरच्या त्या रविवारी मी एवढेच केले नव्हते.

३. सकाळी सात ते दहा : धोबी तलाव

सुरुवात इथूनच करा. मेट्रो सिनेमासमोर जेर महाल नावाची जुनी, भली थोरली इमारत आहे. गोव्यातल्या गावांचे 'कूड', म्हणजे बोटीवर नोकरी शोधायला आलेल्या गोवेकरांच्या राहण्याच्या सामायिक जागा, याच इमारतीत होत्या. तिच्या तळमजल्यावर १९०४ पासून कयानी आणि कंपनी आहे. थोड्या अंतरावर १९१३ चे ससानियन आहे. समोरचे बास्तानी बंद होऊन दोन दशके उलटली, आणि जुने गिऱ्हाईक अजूनही त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून हळहळते.

हे इराणी कोण, हे थोडे समजून घेतले तर पुढे काय मागवावे हेही उलगडते. पारशी मंडळी कित्येक शतकांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर उतरली. इराणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, प्रामुख्याने यझ्द आणि केरमान या भागांतून आले. त्यांतले पुष्कळ झरतुष्ट्री, म्हणजे पारशांच्याच धर्माचे, होते, काही शिया मुसलमानही होते. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा दुकानाला अशुभ मानून इतर व्यापारी घेत नसत, ती या लोकांनी घेतली, असे सांगतात. कारण काहीही असो, दोन रस्त्यांकडून उजेड आणि दोन्हीकडून गिऱ्हाईक, हा त्या कोपऱ्यांचा फायदा आजही आत पाऊल ठेवताच जाणवतो. त्यांचे मूळ खाणे म्हणजे चहा, पाव, मस्का, अंडी, खिमा आणि बिस्किटे. धनसाक (डाळ-मटणाची दाट आमटी) आणि पात्रानी मच्छी (केळीच्या पानात वाफवलेली मासळी) हे पारशी घरातले पदार्थ आहेत. म्हणून सकाळी इराण्याकडे धनसाक मागू नका. तिथे सकाळ पावाची असते.

पाव हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला. नवख्या माणसाला इथे दोन प्रकार समोर येतात. बन मऊ, किंचित गोड आणि बहुधा बेदाणे घातलेला असतो. ब्रून म्हणजे कडक पाव, आणि माझे प्रेम त्याच्यावर आहे. तो कसा खावा हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. वेटर ब्रून आडवा चिरून त्यात मस्का भरतो. कोणाला हवी असेल तर वरून साखर भुरभुरतो. तो समोर आला की दातांनी तोडायला जाऊ नका, कारण त्याचे कवच इतके करकरीत असते की टाळूला ओरखडा उठतो. बशीतच त्याचे बोटभर रुंदीचे तुकडे करावेत आणि एकेक तुकडा चहात बुडवून मनातल्या मनात तीन मोजावेत. कवच वाकते पण विरघळत नाही, आतला मऊ भाग चहा पिऊन फुगतो, आणि मस्क्याचे पिवळे थेंब चहावर तरंगू लागतात. मग लगेच तोंडात टाकावा. पाच मोजलेत तर तो कपाच्या तळाशी बसतो. चहा मागताना 'पानी कम' म्हणावे, म्हणजे कमी पाण्याचा, दाट, गोडसर चहा येतो. साध्या चहात ब्रूनची चव उठत नाही, असे माझे ठाम मत आहे.

ब्रूनचे ते कवच लाकडावर पेटवलेल्या भट्टीतून येत असे. मुंबईच्या हवेचे प्रदूषण लक्षात घेऊन लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असे निर्देश उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये दिले. हवा आपल्या सर्वांची आहे, तेव्हा त्या निर्णयाला विरोध करण्याचे कारण नाही. पण पाव आता सगळीकडे पूर्वीसारखाच लागेल ही अपेक्षा ठेवू नये, आणि एखाद्या ठिकाणचा ब्रून आवडला नाही तर दुसऱ्या ठिकाणचा खाऊन पाहावा.

मांसाहार करणाऱ्यांनी सकाळीच खिमा पाव मागवावा. खिमा हा सकाळचा पदार्थ आहे. पहाटे शिजवलेला खिमा सात-आठच्या सुमारास ताजा, ओलसर आणि सुटा असतो. अकरा वाजता तोच पातेल्याच्या तळाशी आटून गेलेला मिळतो किंवा संपलेला असतो. त्यात अंडे फोडून ढवळले की त्याला खिमा घोटाला म्हणतात. अकुरी म्हणजे कांदा, मिरची, कोथिंबीर घालून केलेली पारशी पद्धतीची अंड्याची भुर्जी, पण आपल्या भुर्जीइतकी कोरडी नसते, ती जाणूनबुजून मऊ आणि थोडी ओली ठेवतात. कच्ची राहिली म्हणून परत पाठवू नका. कुलाब्याच्या बाजूला मुक्काम असेल तर याच वेळेला कुलाबा कॉजवेवरच्या ऑलिम्पिया कॉफी हाउसमध्ये जावे. ते १९१८ पासून आहे, आणि सकाळचा खिमा खायला लोक तिथे मुद्दाम लवकर उठून येतात.

४. टेबलावर बसण्याची रीत

या बाबतीत नवखी माणसे उगाच संकोचतात. दारात उभे राहून कोणी बसायला सांगेल याची वाट पाहू नये. रिकामी खुर्ची दिसली की बसावे. गर्दीच्या वेळी चौघांच्या टेबलावर आधीच दोघे बसलेले असतील तरी 'बसू का?' एवढे विचारून समोर बसणे इथे पूर्णपणे रीतीला धरून आहे, आणि तुमच्या समोर कोणी येऊन बसले तर तेही मनाला लावून घेऊ नये. मी कचेरीतल्या पहिल्या वर्षात जेवढी माणसे जोडली, त्यांतली निम्मी अशीच समोरच्या खुर्चीवर भेटली.

वेटरला 'काका' किंवा 'चाचा' म्हणून हाक मारावी. बोटे वाजवून बोलावणे अत्यंत वाईट दिसते, आणि त्यातले बरेच जण तीस-तीस वर्षे त्याच दुकानात काम करणारे असतात. मराठीत बोललात तर त्यांना बहुधा समजते. भिंतीवरच्या फळ्यावर किंवा काचेखालच्या कागदावर असलेले सगळे पदार्थ रोज होतात असे नाही, म्हणून यादी वाचत बसण्यापेक्षा 'आज काय चांगलंय, काका?' असे विचारावे. या एका प्रश्नाने मला आजवर कधी फसवलेले नाही. बिल अनेक ठिकाणी टेबलावर न देता दाराजवळच्या गल्ल्यावर चुकते करायचे असते. खाऊन झाल्यावर गर्दीच्या वेळी टेबल अडवून बसू नये. दुपारी चारनंतर मात्र एका चहावर तासभर बसलात तरी सहसा कोणी उठवत नाही.

५. दुपारी बारा ते तीन : बॅलार्ड इस्टेट आणि मधला फोर्ट

सगळ्यात जास्त गल्लत दुपारी होते. एक ते दोन ही सगळ्या कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी, त्या तासात कुठेही पोचलात तरी थांबावेच लागेल. पावणेबाराला किंवा अडीचला जावे. अडीचला गेल्यास पदार्थ संपण्याचा धोका असतो, म्हणून शक्य असेल त्याने लवकर जाणेच चांगले.

बॅलार्ड इस्टेटमध्ये १९२३ पासून ब्रिटानिया आणि कंपनी आहे. सीएसएमटीपासून चालत साधारण पंधरा मिनिटे लागतात. वाट अशा रुंद, शांत रस्त्यांवरून जाते की आपण मुंबईतच आहोत ना असे वाटावे. हे ठिकाण दुपारच्या जेवणापुरते चालते. रात्रीचे जेवण मनात धरून जाऊ नका. इथला बेरी पुलाव प्रसिद्ध आहे. त्यातली बेरी म्हणजे इराणमधले झरेश्क. ती मसुराएवढी, लालभडक, सुकवलेली फळे असतात आणि त्यांची चव सुकवलेल्या करवंदाच्या आंबटपणाच्या जवळ जाते. भाताखाली मटण किंवा कोंबडी दडलेली असते. शाकाहारी पुलावही मिळतो. ताट समोर आल्यावर वरच्या बेरी आधीच वेचून खाल्ल्या तर खालचा भात सपक लागतो, तेव्हा तळापासून एकदा हलक्या हाताने वरखाली करून घ्यावा. एका पुलावात साधारण भूक असलेल्या दोघांचे भागते. सोबत लाल रास्पबेरी सोडा घ्यावा, आणि शेवटी कॅरमल कस्टर्डसाठी थोडी जागा ठेवावी.

हुतात्मा चौकाजवळ नगिनदास मास्टर मार्गावर १९३३ चे कॅफे मिलिटरी आहे. बॅलार्ड इस्टेटच्या मानाने ते साधे आणि खिशाला हलके आहे. तिथली सल्ली बोटी, म्हणजे गूळ आणि व्हिनेगरची किंचित आंबटगोड चव असलेले मटण आणि त्यावर बटाट्याच्या तळलेल्या बारीक काड्यांचा ढीग, मी वर्षानुवर्षे खात आलो आहे. काड्या ताबडतोब रश्शात बुडवू नयेत, कडेने थोड्या थोड्या घ्याव्यात. फोर्टमध्येच गनबो स्ट्रीटवर आयडियल कॉर्नर आहे, तिथेही दुपारी पारशी जेवण मिळते.

धनसाकाबद्दल दोन शब्द वेगळे लिहायला हवेत. डाळी, भाज्या आणि मटण एकत्र शिजवून केलेली ही दाट आमटी साखरेच्या करपवलेल्या पाकाने तपकिरी झालेल्या भातावर घेतात, आणि बाजूला कांद्याची कचुंबर असते. पारशी घरांत तो शुभकार्याला करत नाहीत. घरात मृत्यू झाल्यावर चौथ्या दिवशी दुखवटा सोडताना करतात, आणि एरवी रविवारी दुपारी, कारण तो खाल्ल्यावर झोप अनावर होते. तेव्हा पारशी मित्राला लग्नाच्या वाढदिवसाला धनसाक खायला नेण्याचा बेत आखू नका. बऱ्याच ठिकाणी धनसाक आठवड्यातल्या ठरावीक वारीच शिजतो, म्हणून तो फोनवर विचारूनच जावे. आणि ज्या दिवशी दुपारी तीन वाजता तुमची महत्त्वाची बैठक असेल, त्या दिवशी तो मुळीच खाऊ नये.

६. शाकाहारी आणि उपवासाच्या माणसांसाठी

इराणी कॅफेत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण त्याने दोन गोष्टी सांभाळाव्यात. तिथले केक, मावा केकसुद्धा, अंड्याचे असतात. आणि शाकाहारी-मांसाहारी पदार्थांचे स्वयंपाकघर एकच असते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी बन मस्का, खारी आणि चहा इथवरच थांबावे, किंवा सरळ आपल्या पद्धतीच्या उपाहारगृहात जावे.

सीएसएमटीच्या अगदी समोर, जुन्या कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत, आराम आहे. तिथला वडापाव उभ्याउभ्या खाऊन गाडी पकडणारी माणसे तुम्हाला दिवसभर दिसतील, आणि आत बसून साबुदाणा वडाही खाता येतो. चतुर्थीला किंवा एकादशीला मी तिथेच जातो. याहून अधिक मराठी चव हवी असेल तर फोर्ट सोडून गिरगावात शिरावे लागते, आणि ते लांब नाही. धोबी तलावहून जगन्नाथ शंकरशेठ मार्गाला लागले की पंधरा-वीस मिनिटांत ठाकूरद्वार येते. मिसळीसाठी विनय हेल्थ होम, पियूष आणि साबुदाणा वड्यासाठी प्रकाश, आणि उपवासाच्या पदार्थांसाठी व मिठाईसाठी पणशीकर, अशी माझी वाटणी आहे. दुपारच्या उन्हात चालवत नसेल तर मेट्रो ३ चे गिरगाव स्थानक आहेच.

७. चारनंतर : काळा घोडा

काळा घोडा हे नाव ज्या पुतळ्यावरून पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला. सध्या दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ चा आहे. इथल्या गल्ल्यांमध्ये गेल्या काही वर्षांत नव्या धाटणीचे कॉफीचे कॅफे दाटीने उघडले आहेत. कॉफी चांगली असते, बसायला शांत जागा मिळते, लॅपटॉप उघडून काम करणाऱ्याला कोणी काही म्हणत नाही. परंतु एका कॉफीच्या किमतीत इराण्याकडे दोघांचा नाश्ता होतो, हे आत जाण्याआधी माहीत असलेले बरे. जहांगीर कलादालनातले समोवार हे मध्यममार्गी ठिकाण, जिथे चित्रकार आणि विद्यार्थी एका चहावर दुपार काढत, ते २०१५ मध्ये बंद झाले आणि त्याची जागा कोणी घेतली नाही.

अशा नव्या कॅफेत बिल हाती आले की ते नीट वाचावे. जीएसटी कायद्याने द्यावाच लागतो. 'सर्व्हिस चार्ज' मात्र ऐच्छिक आहे. तो आपोआप बिलात लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. सुरुवातीच्या काळात एका ठिकाणी मी तो निमूटपणे भरला, कारण विचारायची लाज वाटली. लाज वाटून घेऊ नका. 'हा काढून द्या' असे शांतपणे म्हटले की पुरते. वेटरची सेवा आवडली तर पैसे त्याच्या हातात द्यावेत.

८. हमखास फसण्याच्या जागा

रविवारी मधला फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेट ओस पडतात, त्यामुळे त्या दिवशी कुलाब्याकडे किंवा धोबी तलावकडे वळावे. सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीही हेच. ऑगस्टच्या मध्यावर पारशी नववर्ष येते. त्या दिवशी काही ठिकाणी खास जेवण असते, पण आधी सांगून ठेवल्याशिवाय जागा मिळणे कठीण. काळा घोडा कला महोत्सवाच्या नऊ दिवसांत, म्हणजे जानेवारीअखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीच्या काळात, दक्षिण टोकाला संध्याकाळी बसायला जागा मिळेल ही आशाच सोडावी.

कुलाब्यातली मोंडेगर आणि १८७१ ची लिओपोल्ड कॅफे ही नावे प्रत्येक पर्यटकाच्या तोंडी असतात. ती पाहण्याजोगी आहेत, संध्याकाळी गप्पांना छान आहेत. पण इराणी चहा-पावाच्या अपेक्षेने तिथे गेलात तर निराश व्हाल, कारण आता त्यांचा बाज वेगळा आहे आणि दरही.

शेवटचा सापळा म्हणजे एकाच दिवसात सगळे उरकण्याचा. सकाळी खिमा, दुपारी पुलाव आणि संध्याकाळी केक असा बेत केलेले पाहुणे मी चार वाजता हॉर्निमन सर्कलच्या बागेत बाकावर आडवे झालेले पाहिले आहेत. एका दिवशी सकाळ करा, दुसऱ्या दिवशी दुपार.

९. घरी नेण्यासाठी

धोबी तलावच्या बेकऱ्यांतून खारी, नानकटाई, जिंजर बिस्किटे घरी नेता येतात. खारी मात्र पिशवीत सगळ्यात वर ठेवावी, नाहीतर घरी भुगाच पोचतो. मावा केकसाठी पूर्वी ग्रँट रोड स्थानकाबाहेरच्या १९१४ च्या बी. मेरवानकडे जावे लागे, आणि तेही सकाळी लवकर, कारण ते लवकर संपत. ब्रून घेतलात तर त्याच दिवशी खावा. दुसऱ्या दिवशी तो वातड झालाच, तर त्याच्यावर पाण्याचा हलका हबका मारावा, मंद आचेवरच्या तव्यावर ठेवून झाकण घालावे, दोन मिनिटांनी झाकण काढून कवच पुन्हा कोरडे होईपर्यंत उलटसुलट करावा आणि गरम असतानाच मस्का लावावा. आई आता संगमनेरला हाच उद्योग करते. दर वेळी जाताना मी तिच्यासाठी सहा ब्रून नेतो.